परसातली शेकोटी आणि खरेदीखतातला कायदा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे जाऊन आलेली मंडळी या सभेत थोडीथोडकी नसतील. तिथल्या परसातली शेकोटी त्यांनी पाहिली असेल. दगडांचे किंवा लोखंडाचे एक कडे, त्यात चार लाकडे आणि भोवती खुर्च्या. तिला 'फायर पिट' म्हणतात. पण कित्येक वसाहतींत ती पेटवायला बंदी असते, किंवा गॅसची चालते, लाकडाची चालत नाही, असा दंडक असतो. तो मोडला की घरी दंडाची चिठ्ठी येते. ही चिठ्ठी नगरपालिकेची नव्हे, पोलिसांचीही नव्हे. ती येते वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाकडून. घर स्वतःचे, जमीन स्वतःची, लाकूडही स्वतःचे. मग या संघाला हा अधिकार दिला कोणी? आमचे सारे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले. नियम कोण करतो आणि दंडाचा पैसा कुठे जातो, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस कोणत्याही नियमावलीचे पान उलटवत नाही.

विस्तवावर निर्बंध असू नयेत, असे मात्र आमचे म्हणणे मुळीच नाही. लाकडी घरांच्या गावात एकाच्या चुलीतली ठिणगी दहा घरांचा संसार जाळते. बॉस्टन गाव वसून वर्षही झाले नव्हते, तोच १६३१ साली तिथे घरे जळाली आणि लाकडी धुराडी व गवती छपरे यांना मनाई झाली. आज जिथे न्यूयॉर्क आहे, तिथल्या डच वसाहतीत पीटर स्टायव्हेसंट या गव्हर्नराने १६४८ साली चार अग्निरक्षक नेमले. ते घरोघर जाऊन धुराडी तपासत आणि काजळी साचलेली दिसली की दंड करीत. त्या दंडाच्या पैशातून गावासाठी चामड्याच्या बादल्या, शिड्या आणि आकडे घ्यावयाचे होते. ज्याच्या धुराड्यातून धोका, त्याच्याच पैशाने बादली! दंड कसा असावा, याचा याहून स्वच्छ नमुना आम्हांस ठाऊक नाही.

आजही अमेरिकेतली पुष्कळ शहरे जी नमुना अग्निसंहिता स्वीकारतात, तीत अशा उघड्या शेकोटीचा व्यास ३ फूट आणि जळणाची उंची २ फूट यांच्या आत हवी, ती घरापासून २५ फूट दूर हवी, आणि विझेपर्यंत जवळ माणूस हवा, असे सांगितले आहे. लाकडाचा धूर दमेकऱ्याला किती छळतो, हे चुलीपाशी जन्म काढलेल्या आपल्या आयाबहिणींना वेगळे सांगायला नको. हा झाला सरकारी कायदा. तो न पटला तर नगरसेवकाला जाब विचारता येतो. घरमालक संघाचा नियम मात्र निराळ्याच वाटेने आला.

ती वाट लंडनच्या लेस्टर चौकातून निघते. टल्क नावाच्या मालकाने १८०८ साली तिथली बाग विकली, पण ती मोकळी बागच ठेवावी, अशी अट खतात घातली. बाग हातोहात फिरत मॉक्सहे नावाच्या गृहस्थाकडे आली. त्याला तिथे इमारत बांधायची होती, आणि 'मी त्या अटीवर सही कुठे केली?' असा त्याचा युक्तिवाद होता. १८४८ साली न्यायालयाने निकाल दिला, की अट ठाऊक असताना जमीन घेतली, तेव्हा अट पाळलीच पाहिजे. म्हणजे वचन माणसाचे न राहता जमिनीचे झाले. एक बाग वाचली, हे चांगलेच झाले. पण याच दाराने पुढे काय काय आत आले, ते पाहा.

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅन्सस सिटीच्या जे. सी. निकोल्स या बिल्डराने श्रीमंतांची वसाहत उभारली आणि खतातल्या अटी राखण्यासाठी घरमालकांचे संघ काढले. मुदतीच्या कितीतरी आधी बहुसंख्य मालकांनी लिहून दिले नाही, तर अटी आपोआप पुढे चालू! अटींत घराची उंची होती, कुंपण होते, आणि काळ्या माणसाला घर द्यायचे नाही, हेही होते. सरकारने असा कायदा करू नये, असा निकाल १९१७ सालीच झाला होता. पण सरकारला जे वर्ज्य, ते शेजाऱ्यांनी खतात लिहून साधले. सेंट लुईसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने या वर्णभेदी अटी अमलात आणण्यास नकार दिला, आणि १९६८ साली तसा भेद करणेच बेकायदा ठरले. अटींचा तो सांगाडा मात्र शाबूत राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेर लाखो घरे झाली. लेव्हिटटाउनमध्ये कुंपण घालायचे नाही, शनिवार-रविवारी कपडे वाळत घालायचे नाहीत, असे नियम होते. १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफनने झाकणाची गोल शेगडी बनविली आणि परस ही घरातली जणू आणखी एक खोलीच झाली. तिथेच विस्तव आला आणि तिथेच नियमही. १९७० साली तिथे असे सुमारे १०,००० संघ होते. आज साडेतीन लाखांहून अधिक आहेत आणि त्यांत सात कोटींवर माणसे राहतात, असा त्या क्षेत्रातल्या संघटनेचाच अंदाज आहे.

या संघात मत बहुधा घरागणिक असते, माणसागणिक नाही. भाडेकरूला तर मतच नाही. पुष्कळ वसाहतींत बरीचशी घरे विकली जाईपर्यंत सूत्रे बिल्डरकडेच असतात. वर्गणी थकली तर अनेक राज्यांत घरावर बोजा चढतो आणि घर लिलावातही निघू शकते. 'तुम्ही खतावर सही केलीत ना?' हे उत्तर आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. गिरणीत शिरताना कामगाराचा अंगठाही असाच घेतला जाई. म्हणून तर आपल्याकडे १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. त्यात दंडाचे कारण आधी फलकावर लावलेले हवे, कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे, दंड रुपयामागे अर्ध्या आण्याच्या आत हवा, आणि त्याचा पैसा मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हायला हवा, असे बांधून दिले होते. शेकोटीवरल्या दंडाला एवढे तरी कुंपण असावे की नाही?

शिवाय संघाला विस्तवाची खरी पारख असतेच, असेही नाही. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्या पेटल्या. आदल्या दिवशीचा गवताचा वणवा विझला असे वाटले होते. निखारे आत धुमसत होते, वारा सुटला आणि २५ माणसे व सुमारे ३,००० घरे गेली. लाकडी फळ्यांच्या छपरांनी ती आग घरोघर पोहोचविली. आणि अशी लाकडी छपरे शोभेसाठी सक्तीची करणारे घरमालक संघ त्या देशात कमी नव्हते! अग्निसुरक्षेच्या नियमाविरुद्ध जाणारे छप्पर संघाने कोणावर लादू नये, असे कॅलिफोर्नियाला पुढे कायदा करून सांगावे लागले.

त्याच राज्याने २०२५ साली संघाच्या दंडाला १०० डॉलरची मर्यादा घातली. शेजाऱ्याच्या किंवा सामाईक जागेच्या आरोग्यास अगर सुरक्षिततेस बाधा येत असेल, तर मात्र ही मर्यादा लागू नाही. पण ती बाधा कोणती, हे संघाच्या मंडळाने सभासदांना खुल्या असलेल्या बैठकीत लेखी नमूद केले पाहिजे. तेव्हा शेकोटीचा धूर कोणत्या खात्यात मोडतो, हे आता तिथे घरमालकांच्या देखत लिहून ठरवावे लागते.