टकळी आणि कासव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागो विश्वविद्यालयातील तत्त्वज्ञानाचे अध्यापक जॉन ड्यूई हे लहान मुलांच्या वर्गाकरिता मेजे व बाके पाहत शहरातील दुकाने धुंडाळीत होते. दुकानामागून दुकान झाले, पण मनाजोगती वस्तू मिळेना. अखेर एका चतुर दुकानदाराने त्यांच्या अडचणीचे मर्म ओळखले. गुरुजींना हवे होते काम करण्याजोगे मेज, आणि बाजारात जे काही होते ते सारे मुलांनी बसून ऐकावे एवढ्याचकरिता घडविलेले होते! ड्यूई यांनी ही हकीकत पुढे आपल्या व्याख्यानात सांगितली, आणि त्या काळच्या शाळेवर इतकी मार्मिक टीका क्वचितच कोणी केली असेल. शाळेचे सामानच सांगत होते की, येथे कानांना काम आहे, हातांना नाही.

हातांना काम द्यावे हा विचार ड्यूई यांचाच होता असे मात्र नव्हे. जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या शाळेस ‘बालोद्यान’ या अर्थाचे नाव दिले, आणि लोकरीचे चेंडू, लाकडी गोल व घन मुलांच्या हाती ठेवले. पण ते चेंडू आणि ते घन केवळ शिक्षणासाठी घडविलेले होते. मनुष्याने आपल्या निर्वाहासाठी शोधून काढलेली खरी अवजारे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावीत, आणि त्यांतूनच गणित, भूगोल व इतिहास उगवू द्यावा, हे धाडस शिकागोच्या शाळेने केले. ही शाळा १८९६ च्या जानेवारीत अवघ्या १६ मुलांनिशी सुरू झाली. स्वयंपाक, सुतारकाम आणि शिवण-विणकाम ही तेथील मुख्य कामे होती. तथापि त्यांतून सुतार वा शिंपी तयार करावेत हा हेतू यत्किंचितही नव्हता.

तेथील एका पाठाची हकीकत ड्यूई यांनी १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शाळा आणि समाज’ या अर्थाच्या ग्रंथात दिली आहे. ती विस्ताराने सांगण्यासारखी आहे. मुलांपुढे अळशीचे तंतू, कापसाची बोंडे आणि मेंढीच्या अंगावरून नुकतीच उतरविलेली लोकर ठेवण्यात आली. मग प्रश्न निघाला की, पूर्वीचे लोक सुती वस्त्रांऐवजी लोकरीचीच वस्त्रे का वापरीत? शिक्षिकेने उत्तर सांगितले नाही. मुले बोंडातून कापूस काढून त्यातील सरकी बोटांनी वेगळी करू लागली. अर्धा तास सारी मंडळी खपली, आणि हाती कापूस आला तो एक औंसही, म्हणजे अडीच तोळेही, भरला नाही! एका माणसाच्या हातून दिवसभरात पौंडभरच कापूस निघत असे, हे मग त्यांना कोणी पटवून देण्याची गरज राहिली नाही. १७९३ साली एली व्हिटने याने काढलेल्या सरकी काढण्याच्या यंत्राने अमेरिकेचे जीवन का पालटले, हे समजण्याची भूमी त्या अर्ध्या तासात तयार झाली.

येथेच पाठ संपला नाही. मुलांनी दोन्ही तंतू बोटांत धरून पाहिले. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, तर लोकरीचा लांब आणि खरखरीत, त्यामुळे एकास एक चिकटून राहणारा. म्हणजे लोकर कातणे सोपे, कापूस कातणे अवघड, हे त्यांच्या बोटांनीच त्यांना सांगितले. पुढे लोकर पिंजावी कशी हा प्रश्न आला, आणि दोन फळ्यांना टोकदार खिळे बसवून पिंजण्याची युक्ती मुलांनी शिक्षिकेच्या प्रश्नांच्या आधाराने नव्याने शोधून काढली. त्यानंतर चातीचा आद्य अवतार सापडला : भोक पाडलेला एखादा दगड लोकरीला अडकवून गरगर फिरविला की तंतूंना पीळ बसतो आणि धागा लांबत जातो. हजारो वर्षांपूर्वी मनुष्यजातीने जे केले, ते त्या मुलांनी काही दिवसांत पुन्हा केले. प्रत्येक यंत्र हे कोणा तरी अडलेल्या माणसाचे उत्तर असते, हा यंत्रविद्येचा पहिला धडा त्यांना पुस्तक न उघडता मिळाला.

विश्वविद्यालयाच्या कारभारातील मतभेदांमुळे १९०४ साली ड्यूई शिकागो सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयात गेले. तेथे १९१३ ते १९१६ या काळात शिकणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर त्यांच्या विचारांचा खोल ठसा उमटला, ही गोष्ट महाराष्ट्राला परिचित आहेच.

शिकागोच्या मुलांनी हाताळलेला तोच कापूस सुमारे चाळीस वर्षांनी वर्ध्याच्या शाळांत शिक्षणाचे साधन म्हणून अवतरला. परंतु येथील परिस्थिती अगदी निराळी होती. वर्धा हा कापसाचाच मुलूख, आणि कातणे ही येथे इतिहासातील नव्हे, तर डोळ्यांपुढील गोष्ट. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली, तेव्हा त्यांच्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. दारूबंदी करावी तर अबकारीचे उत्पन्न बुडते, आणि शिक्षणाचा खर्च तर त्या उत्पन्नावर चालतो. दारूच्या पैशावर मुलांना शिकवावे ही कल्पना गांधीजींना असह्य होती. म्हणून त्यांनी सुचविले की, शिक्षण उद्योगाच्या द्वारे द्यावे, आणि मुलांच्या हातच्या मालातून शिक्षकाच्या वेतनाचा खर्च निघावा.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास परिषद भरली. मुलांच्या मालाने गरीब कारागिरांशी स्पर्धा होईल, अशी हरकत प्रा. के. टी. शहा यांनी घेतली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तीत विनोबा भावे आणि काका कालेलकर यांच्यासारखी मंडळी होती, आणि हरकत घेणारे प्रा. शहाही होते. समितीच्या वेळापत्रकात शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली होती, आणि मातृभाषेला ४० मिनिटे. नुसते आकडे पाहून अनेक सुशिक्षित पालक हादरले, यात नवल नाही.

परंतु टकळीत शिकण्यासारखे आहे तरी किती, हे पाहिले पाहिजे. श्रोत्यांपैकी ज्यांनी टकळी हाती धरली असेल, त्यांना ठाऊक आहे की पहिल्या दिवशी सूत निघत नाही, तुटते. पेळू भरभर ओढला तर धागा बारीक होऊन तुटतो, सावकाश ओढला तर जाड गाठी पडतात. टकळीची चकती काढून टाकली तर ती फिरून लगेच थांबते, कारण चकतीच्या वजनानेच फिरण्याचा वेग टिकतो. हा पदार्थविज्ञानाचा पाठ आहे. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, आणि चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. मग एका गुंडीत सूत किती फूट? उत्तर २५६०, म्हणजे जवळजवळ अर्धा मैल! सात वर्षांच्या मुलाने आपल्याच हातचे सूत मोजून हे गणित केले, तर तो गुणाकार त्याच्या अंगी मुरतो. उद्योग आणि ज्ञान यांच्या या सांधणीलाच ‘समवाय’ हे नाव मिळाले.

आणि धोकाही नेमका येथेच होता. तो परक्यांनी नव्हे, खुद्द झाकीर हुसेन समितीनेच ओळखला होता. आर्थिक बाजूवर भर पडून शिक्षणाची बाजू मागे पडेल, आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त श्रम काढण्यातच आपली शक्ती खर्च करतील, असा इशारा समितीच्या अहवालात स्पष्टपणे दिलेला आहे. योजना स्वावलंबी ठरली नाही तरीही ती शिक्षण म्हणून स्वीकारावी, असेही समितीने बजावले होते. पुढे मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने या योजनेच्या विचारासाठी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या, आणि १९४४ च्या सार्जंट योजनेने उद्योगाचे तत्त्व मान्य करून स्वावलंबनाचे अंग नाकारले. प्रत्यक्षात अनेक शाळांत घडले ते असे : टकळीचा तास वेगळा, पुस्तकाचा वेगळा, आणि दोहोंमध्ये भिंत. सूत किती निघाले याची नोंद झाली. ते का तुटले हा प्रश्न कोणी विचारला नाही. गुंड्या मोजण्यात समवाय हरपला.

या दोन प्रयोगांनंतर तिसऱ्या साधनाकडे वळले पाहिजे, कारण आजच्या पालकांना भेडसावणारा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. हे साधन म्हणजे संगणक. ज्या काळी एक संगणक एक खोली व्यापीत असे, त्या काळी, १९६७ साली, अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोयरझाइग यांनी मुलांकरिता ‘लोगो’ नावाची आज्ञाभाषा रचली. पॅपर्ट हे जिनीव्हा येथे बालमानसाचे थोर अभ्यासक प्याजे यांच्याजवळ राहिलेले गणिती. पुढे लोगोच्या जोडीला एक यांत्रिक कासव आले. घुमटासारखी पाठ, खाली चाके आणि पोटात लेखणी. ‘पुढे १००’ म्हटले की ते तितके पुढे सरके, आणि जाता जाता जमिनीवरील कागदावर रेघ ओढी.

मुलाने कासवाकडून चौकोन काढवावयाचा. प्रथम ते वळण अंदाजाने देते. आकृती मिटत नाही. मग शिक्षक त्याला सांगतात की, तूच कासव हो आणि जमिनीवर चौकोन चालून पहा. मूल चालते, कोपऱ्यावर आपले अंग किती वळते ते पाहते, आणि ९० चा आकडा त्याच्या पायांना सापडतो. त्याहून मोठे मूल त्रिकोण काढावयास जाते आणि कोन ६० अंशांचा म्हणून ६० ची आज्ञा देते. कासव भलतीकडेच निघते, कारण कोपऱ्यावर त्याला वळावयाचे असते १२० अंश. ही चूक म्हणजे लाल शाईची फुली नव्हे. ती तुटलेल्या सुतासारखी आहे. ती दिसते, तिचे कारण शोधता येते, आणि पुन्हा सांधता येते. अक्षरओळख नसलेल्या बालकांकरिता रेडिया पर्लमन या विदुषीने १९७४ ते १९७६ या काळात बटणांची पेटी आणि फटींत खोचावयाची पत्रे योजून कासव चालविण्याची सोय केली. पाच वर्षांच्या आतील मुलेही मग आज्ञांची मालिका रचू लागली.

तथापि पॅपर्ट यांनी १९८० सालच्या आपल्या ग्रंथात जी तक्रार मांडली, ती वर्ध्याच्या इशाऱ्याशी आश्चर्यकारकपणे जुळते. बहुतेक शाळांत संगणकाचा उपयोग मुलाकडून उत्तरे वदवून घेण्याकडे होतो. म्हणजे मुलाने यंत्र चालवावयाचे सोडून यंत्रच मुलास चालविते, असा तिचा आशय होता. टकळीने मुलाला राबवावे आणि संगणकाने मुलाला नाचवावे, या दोन गोष्टी बाह्यतः कितीही भिन्न दिसल्या तरी रोग एकच आहे.

शिकागोची चाती, वर्ध्याची टकळी आणि अमेरिकेतील ते कासव यांच्या इतिहासातून एक कसोटी निघते, आणि ती कोणाही आईबापांना वापरता येण्याजोगी आहे. साधन जुने की नवे, स्वस्त की महाग, हा प्रश्न दुय्यम होय. ते वापरताना झालेली चूक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते काय, आणि तिचे कारण शोधण्यास शाळा त्याला वेळ देते काय, एवढेच विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर दोन पैशांची टकळीही विद्यालय आहे. नकारार्थी असेल तर मूल ज्या यंत्रापुढे बसले आहे ते ड्यूईंना दुकानोदुकानी दिसलेल्या बाकांचेच नवे रूप होय, मग त्याची किंमत कितीही असो.