व्हिनेगरमधली नाणी

भाचा शेफील्डला असतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो म्हणाला, "मामा, लंडन काय, सगळेच बघतात. तुम्हांला जवळचं एक खेडं दाखवतो." गावाच्या पाटीवर ई, वाय, ए, एम अशी अक्षरं होती. मी मोठ्या आत्मविश्वासानं 'एयाम' असं वाचलं. भाचा म्हणाला, "ईम!" लिहिलेलं सगळंच उच्चारायचं नाही, हा त्या लोकांचा जुना बाणा.

गाव छोटं, डर्बीशायरच्या डोंगरात. दगडी घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. चर्चच्या भिंतीवर 1775 सालचं सूर्यघड्याळ आहे. त्या देशात सूर्यघड्याळ म्हणजे आमच्या शाखेतली सूचनापेटी. असते आपली, झालं.

पण काही घरांपुढच्या पाट्या वाचल्या आणि माझा विनोद घशातच अडकला. आपण घरावर 'कुत्र्यापासून सावध राहा' लिहितो. इथे त्या घरात प्लेगनं कोण कोण गेलं, त्यांची नावं लिहिली होती.

1665 साली लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज विकार्सनं ते विस्तवापुढे वाळत घातलं, असं सांगतात. त्यात प्लेगच्या पिसवा होत्या. सप्टेंबरात विकार्स गेला, पाठोपाठ शेजारपाजार. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात साथ भडकली, तेव्हा गावात दोन धर्मगुरू होते. थॉमस स्टॅन्ली हे जुने, सरकारी प्रार्थनापद्धत मानली नाही म्हणून पदावरून काढलेले, पण लोकांचे लाडके. विल्यम मॉम्पेसन हे नवे, तरुण, सरकारमान्य. जुना मॅनेजर आणि नवा मॅनेजर एकाच गावात राहिले तर काय होतं, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको! पण हे दोघे एक झाले आणि जून 1666 मध्ये त्यांनी गावाला सांगितलं: कुणी वेस ओलांडायची नाही. पळालो तर रोग बरोबर नेऊ.

आणि गाव थांबलं. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या घळीत, अंतर ठेवून होऊ लागल्या. ज्याचा माणूस त्यानंच आपल्या शेतात पुरायचा. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. शेतातल्या त्या थडग्यांना गोल दगडी कुंपण आहे. तिथे आमची ही बराच वेळ नुसती उभी राहिली. 14 महिन्यांत 260 माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीनही गेली. आसपासच्या गावांत मात्र साथ पसरली नाही.

वेशीवर एक मोठा दगड आहे, त्याला सहा भोकं. गावकरी भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवत. बाहेरची माणसं धान्य ठेवून नाणी उचलून नेत. मी भोकात बोट घालून पाहिलं. 22 वर्षं कॅश मोजतो आहे, पण असलं काउंटर पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला 2020 साली आमच्याकडेही गिऱ्हाइकं नोटा इस्त्री करून आणत होती आणि मी त्या हातमोजे घालून मोजत होतो.

2020 म्हटलं की मला आणखी एक वेस आठवते. टाळेबंदीच्या तोंडावर बायकामुलांना गाडीत घालून मी मुंबईहून कोकणातल्या आमच्या गावी निघालो. वेशीवर बांबू आडवा! पलीकडे माझाच धाकटा चुलतभाऊ, तोंडाला उपरणं बांधून. म्हणाला, "दादा, राग मानू नकोस. चौदा दिवस शाळेत राहा, डबा मी आणून देतो." दादानं राग मानला. गाडी वळवली आणि पाच वर्षं त्याच्याशी बोललो नाही. माझ्याच गावात मला बंदी?

बंदी कशी घालू नये, हे पुण्यानं 1897 साली पाहिलं आहे. रँडचे सोल्जर प्लेगचे रोगी शोधायला घराघरांत घुसले, त्यावरून शहर पेटलं आणि 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ईममध्ये ना सोल्जर होते, ना हुकूम. बांबू त्यांनी स्वतःलाच आडवा घातला होता. आणि माझ्या भावाजवळ तरी कुठे बंदूक होती? त्याच्या हातात डबा होता.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. मॉम्पेसननं गावाला थांबा म्हणण्याआधी स्वतःची दोन मुलं बाहेरगावी पाठवून दिली होती. हे वाचून मला, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं. तोही बापच होता. पण मुलं पाठवून तो स्वतः राहिला. मी राहिलो असतो का? बँकेत 'उत्तर प्रलंबित' असा शेरा मारून फाईल बाजूला ठेवता येते. इथे तेवढीही सोय नव्हती.

संध्याकाळी भाच्याच्या फोनवरून भावाला फोन लावला. "दादा?" तो दचकलाच. "काय झालं?"

म्हटलं, "काही नाही रे. त्या वेळी डब्यात काय आणणार होतास?"

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "पिठलं-भात. दुसरं काय असायचं तेव्हा?"

गणपतीला जाऊन खाल्ला.