वाटाड्याच्या मागून : डहाणू-तलासरीचा पायी इतिहास

डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या डोंगरपट्टीत बाहेरून आलेला माणूस शतकानुशतके स्थानिक वाटाड्याच्या मागून चालत आला. त्यात फौजेचा सरदार होता, जंगल खात्याचा साहेब होता, सावकाराचा दिवाणजी होता, किसान सभेची कार्यकर्ती होती आणि चित्रांच्या शोधात आलेला कलावंतही होता. यांपैकी बऱ्याच जणांची नावे कागदावर उरली. पुढे चालणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. तरी या मुलखाचा इतिहास त्याच्या बाजूने पाहिला तरच नीट उलगडतो. तो धाकाने पुढे चालत होता, पोटासाठी, श्रद्धेपोटी की विश्वासाने, एवढे समजले की त्या काळी इथे कोणाचा शब्द चालत होता तेही समजते.

वाटाड्याची गरज गावांच्या ठेवणीतूनच निर्माण होते. देशावरचे गाव एका जागी वसलेले असते. वेस, पार, देऊळ, आळ्या अशा खुणांवरून परका माणूसही विचारत विचारत घर गाठतो. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, कातकरी यांच्या वस्तीचे गाव तसे नसते. महसुली दप्तरात त्याचे नाव एक, पण प्रत्यक्षात ते पाच-दहा पाड्यांत विखुरलेले. दोन पाड्यांच्या मध्ये भाताची खाचरे, ओहळ, एखादी टेकडी किंवा सागाचे रान. पाटीलपाडा, डोंगरीपाडा अशी नावे शेजारच्या गावातही असतात. त्यामुळे गावाचे नाव ठाऊक असलेला माणूस गावात पोचूनही माणसापर्यंत पोचत नाही.

शिवाय वाट बारा महिने एक राहत नाही. उन्हाळ्यात कापणी झालेल्या खाचरांतून सरळ आडवे जाता येते. पाऊस लागून आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की तीच वाट चिखलाखाली जाते आणि बांधाबांधाने वळसा घ्यावा लागतो. सूर्या नदीला आणि तिला मिळणाऱ्या ओहळांना कुठे उतार आहे, पाणी किती चढले म्हणजे मागे फिरायचे, हे ज्ञान नकाशात मावत नाही. गावाची शीवही अशीच चालून कळते. शिवेवर वाघदेवाचा कोरलेला लाकडी खांब किंवा दगड असतो. त्यावर वाघाबरोबर चंद्रसूर्यही कोरलेले दिसतात. आपले रान कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, याची नोंद तलाठ्याच्या दप्तराच्या कितीतरी आधीपासून अशा खुणांनी राखली होती.

या मुलखाच्या मध्यावर आज चारोटी नाका आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथे दक्षिणोत्तर जातो आणि डहाणूहून कासामार्गे जव्हारला जाणारा रस्ता त्याला छेदतो. समुद्रकाठ आणि घाटाकडचा प्रदेश यांना जोडणारी ही आडवी दिशा जुनी आहे. किनाऱ्याचे मीठ आणि सुकी मासळी वर जायची, रानातला साग, बांबू आणि मध खाली यायचा. या वाटांवर नजर ठेवणारे किल्ले आजही उभे आहेत: दक्षिणेला मेंढवण खिंडीजवळ अशेरी, पूर्वेला गंभीरगड, उत्तरेला सेगवा आणि बल्लाळगड. अशेरी १५५६ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. त्याच्या परिसरातल्या सागाला जहाजबांधणीमुळे मोठी किंमत होती. पुढे मराठ्यांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत पोर्तुगीजांची इथली सत्ता संपली.

जव्हारला मुकणे घराण्याचे कोळी राज्य होते. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली आणि हे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले ते जव्हार आणि रामनगरच्या रानातून. जव्हारजवळच्या शिरपामाळावर त्यांचा तळ पडला होता, असे तिथे आजही सांगतात. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतले, तेव्हा सुरतेची वाट स्वराज्याच्या हातात आली. हजारोंची फौज दाट रानातून गाजावाजा न होता पुढे सरकते, तेव्हा प्रत्येक खिंडीला आणि प्रत्येक उताराला वाट जाणणारा कोणीतरी तिच्या पुढे असलाच पाहिजे. त्या माणसांची नावे इतिहासाने राखली नाहीत. ही उणीव भरून निघण्यासारखी नाही, आणि म्हणूनच ती लक्षात ठेवली पाहिजे.

पुढे चालण्याचा मान जपलेली एक वाट मात्र आजही जिवंत आहे. चारोटीच्या उत्तरेला विवळवेढे इथे महालक्ष्मीचे देऊळ आहे. देवीचे मूळ स्थान वर डोंगरावर आहे. डोंगर चढताना एक गरोदर भक्तीण थकून कोसळली, म्हणून देवी स्वतः पायथ्याशी उतरली, अशी कथा सांगतात. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, यात्रा सुरू होते आणि ती सुमारे पंधरा दिवस चालते. यात्रेचा ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येतो. तो डोंगरावर नेऊन लावण्याचा मान मात्र वाघाडी गावच्या सातवी कुळातल्या पुजाऱ्याचा. मध्यरात्री तो ध्वज घेऊन अंधारात एकटा डोंगर चढतो आणि उजाडण्यापूर्वी खाली परततो. राजाने ध्वज द्यावा आणि आदिवासी पुजाऱ्याने तो शिखरावर न्यावा, या वाटणीत जुन्या राज्याची घडी दिसते. सत्ता जव्हारच्या वाड्याकडे होती, पण डोंगरावरची वाट वाघाडीची होती.

इतरत्र वाट दाखवण्याला मान नव्हता. देशावर आणि कोकणात गावकामगारांच्या व्यवस्थेत ते काम महारांकडे होते. आलेल्या अंमलदाराला पुढच्या गावापर्यंत पोचवणे, त्याचे सामान वाहणे, सरकारी टपाल आणि वसुलीची थैली सांभाळून नेणे, ही वतनाबरोबर आलेली कामे रात्री-अपरात्रीही करावी लागत. मोबदला तुटपुंजा आणि काम अमर्याद, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ही वतने कायद्याने गेली ती त्यानंतर तीस वर्षांनी.

डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात (तलासरीचा भाग तेव्हा उंबरगाव तालुक्यातच होता), जिथे वस्तीच बहुतांशी वारल्यांची, तिथे हे ओझे वेठ म्हणून त्यांच्या डोक्यावर आले. एकोणिसाव्या शतकात जमिनी वाणी, पारशी, ब्राह्मण, मुसलमान अशा बाहेरून आलेल्या सावकार-जमीनदारांकडे सरकत गेल्या आणि १८७८ च्या कायद्याने उरलेले रान सरकारी झाले. कालपर्यंत स्वतःच्या शेतातून आणि रानातून चालणारा वारली आता परक्याच्या जमिनीवरून, परक्याच्या हुकमाने चालू लागला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको सावकाराकडे राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. जंगलचा साहेब, पोलीस किंवा जमीनदाराचा माणूस पाड्यावर आला की हातातली आवणी टाकून त्याचे बोचके उचलायचे आणि पुढच्या मुक्कामापर्यंत सोबत करायची. मजुरी नाही, नकार दिला तर मार. डी. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारला आदिवासी भागांविषयी दिलेल्या अहवालात, १९३९ च्या सुमारास, वेठ आणि कर्जगुलामीची नोंद केली. के. जे. सावे यांनी याच भागात सरकारी अधिकारी म्हणून काम करताना वारल्यांचे आचार-विचार टिपले आणि १९४५ मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. ही मोलाची कागदपत्रे आहेत. तरी ती सरकारी पाहणाऱ्याची आहेत आणि सरकारी पाहणाऱ्यापुढे पाडा मोकळेपणाने बोलत नाही.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथे आले होते. त्यांतल्या माह्या धांगडा यांनी आपल्या लोकांची हकिगत सांगितली. त्यानंतर किसान सभेचे शामराव आणि गोदावरी पारुळेकर या भागात काम करू लागले. गोदावरीबाई पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजातून सार्वजनिक कामात आलेल्या. त्या पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांचेच अन्न खाल्ले. बाहेरून आलेल्या माणसाच्या पुढे वारली त्याआधीही चालत होता. पण यावेळी त्याला कोणी धरून आणले नव्हते. बोचके त्याच्या डोक्यावर नव्हते, आणि वाटेत तो बोलत होता. घर कोणाचे, जमीन कोणाची होती आणि आता कोणाची, कोणत्या झाडाला कोणाला बांधून मारले, हे सगळे त्या चालण्यातून उलगडत गेले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये निघाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीत आदिवासी मुलखावर पुष्कळ लिहिले गेले, पण लिहिणाऱ्याने आपल्याला वाट दाखवणाऱ्यांना इतक्या ठळकपणे माणूस म्हणून पाहिल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

२३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. ठराव साधा होता, पण त्याचा परिणाम रोजच्या वाटेवर दिसू लागला. थोड्याच आठवड्यांत पाड्यावर येऊन माणसे हाकून नेणे बंद पडत गेले. पावसाळा सरताच गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. या भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी जाई आणि त्यात व्यापाऱ्यांचा मोठा फायदा असे. वारल्यांनी पाचशे रतल गवताला अडीच रुपये मागितले आणि संप केला.

ऑक्टोबर १९४५ मध्ये गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पसरवला गेला. १० तारखेला माणसे रानवाटांनी तलवाड्याला जमली. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. रस्ते, तारा, दूरध्वनी यांपैकी काही नसलेल्या मुलखात निरोप तोंडोतोंडी, पाड्यावरून पाड्यावर धावत गेला होता. ज्या पायवाटांच्या बळावर चळवळ उभी राहिली, त्याच पायवाटांनी खोटा निरोपही पोचवला, ही त्या दिवसाची सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे. पुढे पारुळेकरांवर जिल्हाबंदी आली, कार्यकर्ते भूमिगत झाले. त्यांना रात्री एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर पोचवणारी माणसे पुन्हा इथलीच होती.

१९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा उंबरगाव तालुका फुटला. त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, महाराष्ट्रात उरलेल्या भागातून तलासरी घडली. पाड्यांतली सोयरीक, बाजार, देवाच्या वाटा नव्या सीमेवरून तशाच चालू राहिल्या.

१९७० च्या दशकात एक वेगळाच पाहुणा आला. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली भिंतीचित्रांच्या शोधात डहाणू तालुक्यातली गावे हिंडले. लग्नाच्या वेळी सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आणि त्यात पालघाट देवी काढत. ही चित्रे कुठे आहेत हे बाहेरून दिसत नसे, कारण ती झोपडीच्या आतल्या अंधारात असत आणि धूर-पावसाने वर्षभरात विरून जात. कोणत्या पाड्यावर लग्न झाले हे ज्याला ठाऊक, तोच तिथे नेऊ शके. या शोधात गंजाडजवळच्या कलंबीपाड्यावरचे जिव्या सोमा मशे पुढे आले. बायकांच्या हातची ही कला त्यांनी लग्नविधीबाहेर आणली, कागदावर आणि कापडावर नेली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांत माणसे सतत चालत असतात. वाट, ओहळ, मुंग्यांची रांग, तारपा या वाद्याभोवतीची माणसांची साखळी एकाच लयीत सरकते.

रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताने १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या एका कुरणावर पुन्हा पुन्हा चालून गवतात सरळ रेषा उमटवली आणि ती कलाकृती म्हणून जगापुढे ठेवली. चालणे हाच त्यांचा कलाप्रकार झाला. २००३ मध्ये लाँग वारल्यांच्या गावांत आले आणि त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात लाँग आणि मशे यांचे संयुक्त प्रदर्शन भरले. ही जोडी नुसती नवलाची नव्हती. पाय पडून पडून जमिनीवर उमटलेली रेषा इथल्या प्रत्येक माणसाच्या रोजच्या पाहण्यातली होती, आणि मशे यांनी ती लहानपणापासून पाहिली होती.

आज चारोटीवरून जाणाऱ्या बहुतेकांना हा मुलूख गाडीच्या काचेतून दिसतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा चारोटीचे नाव देशभर गेले, तेही महामार्गावरचे एक ठिकाण म्हणून. महामार्गापासून आत वळले की पाड्यांवर जायला अजूनही कोणालातरी सोबत घ्यावे लागते.

या सोबतीला कायद्यातही जागा मिळाली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी हक्क सांगू शकतो. त्याच्या २००८ च्या नियमांत ग्रामसभेच्या वनहक्क समितीने प्रत्यक्ष जागेवर जाऊन दाव्याची पडताळणी करावी, वन खात्याला त्याची सूचना द्यावी, असे ठरवले आहे. पुरावा म्हणून सरकारी कागदांबरोबर दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदलेले जबाब चालतात. घर, बांध, सपाटीकरण अशा जमिनीवरच्या खुणा चालतात, आणि सामूहिक दाव्यासाठी देवाची झाडे, देवराया, दफनभूमी, दहनभूमीही चालतात. डहाणू आणि तलासरीतल्या पाड्यांवर असे दावे दाखल झाले. त्यांच्या पडताळणीत समितीची माणसे शिवेवरून फिरतात, एखादा म्हातारा पुढे होऊन बांध, विहीर, वाघदेव दाखवतो, आणि त्याचे नाव व अंगठा जबाबाच्या कागदावर घेतला जातो.