शस्त्रपरवानाधारकांनी पाळावयाची पथ्ये

कळमेश्वर तालुका नागपूर ग्रामीण भागात मोडत असल्याने येथील रहिवाशांना शस्त्रपरवाना पोलीस आयुक्तांकडून नव्हे, तर जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. परवाना हाती आला की खरी जबाबदारी सुरू होते.

प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे, असे समजावे. नळी कोणाकडेही रोखू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्यामागे काय आहे, ते आधी पाहावे. पिस्तुलाचे मॅगझीन काढल्यावरही एक गोळी नळीत राहू शकते; म्हणून साफसफाईपूर्वी नळी अवश्य तपासावी. शस्त्र व काडतुसे वेगवेगळी, कुलूपबंद ठेवावीत.

लग्नसमारंभात जीव धोक्यात घालणारा गोळीबार केल्यास २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.