तारकर्लीत सोलो स्कूबा ट्रिप: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

सिंधुदुर्गातल्या मालवण-तारकर्लीत बीच आणि स्कूबा डायव्हिंग दोन्ही बेताच्या बजेटमध्ये जमतं. ऑक्टोबर ते मे हा इथला हंगाम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने डायव्हिंग बंद असतं.

इथे वाचवा: कोकण रेल्वेने कुडाळला उतरा, पुढे एसटीने मालवण गाठा. रिसॉर्टऐवजी होमस्टे आणि खानावळीतली मासळीची थाळी निवडा. डिसेंबरअखेरची गर्दी टाळा.

इथे नको: फक्त स्वस्त दर पाहून डाइव्ह बुक करू नका. एका प्रशिक्षकाबरोबर किती जण उतरणार, बोटीवर ऑक्सिजन आहे का, हे आधी विचारा. दमा किंवा हृदयविकार लपवू नका. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला, कारण बंद नाकाने कानावरचा दाब मोकळा होत नाही. पाण्याखाली श्वास रोखू नका. वर येताना फुफ्फुसातली हवा प्रसरण पावून इजा होते.

विमानाने परतताय? डाइव्हनंतर शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. विमानात दाब कमी झाल्यावर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२, तर अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबा. डाइव्ह आधी उरका, शेवटचा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी ठेवा.

ट्रिप एकट्याने करा, डाइव्ह मात्र कधीच एकट्याने नको.