नवख्याचे नशीब आणि द्यूताचे गणित

वसईच्या किल्ल्यालगतचे पाचूबंदर हे प्रामुख्याने कोळी मच्छीमारांचे गाव. उधाण केव्हा, भांग केव्हा, जाळे कोठे टाकावे, हे तेथे वर्षानुवर्षांच्या अनुभवानेच कळते. नवख्याची पहिली खेप भरून आली, तरी जाणत्या तांडेलाची सर त्यास येत नाही. द्यूताविषयी मात्र ‘नवखा जिंकतो’ ही समजूत दृढ आहे. तिचे मूळ शोधावयाचे, तर मुंबईच्या मटक्याचा इतिहास पाहावा लागतो.

न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून मुंबईस कळणाऱ्या उघडत्या व बंद भावांवर पैजा लावण्याचा प्रघात होता. हे भाव येणे 1961 मध्ये थांबले. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीस आकड्यांचा खेळ सुरू केला. 1964 मध्ये रतन खत्री यांनी नवा वरळी मटका काढला. तीन पत्ते काढावयाचे व त्यांच्या बेरजेतील एकम् स्थानचा अंक हा ‘आकडा’ मानावयाचा, अशी ही रीत. शून्य ते नऊ या अंकांच्या अशा 220 पत्त्या होतात. प्रत्येक आकड्यास त्यांतील 22 येतात: तिन्ही अंक भिन्न असलेल्या 12, दोन समान असलेल्या 9 आणि तिन्ही समान असलेली 1. अर्थात सोडत निर्दोष असल्यास प्रत्येक आकड्याची संभाव्यता एक-दशांशच राहते.

जिंकणाऱ्यास एका रुपयाचे नऊ रुपये मिळतात असे धरू. मग रुपयामागे सरासरी नव्वद पैसेच परत येतात. तथापि एक हजार नवख्यांनी प्रत्येकी दहा डाव खेळल्यास सुमारे 264 जण नफ्यात राहतील. हजार डावांनंतर असे सुमारे 114 उरतील; दहा हजार डावांनंतर बहुधा एकही नाही. आरंभी हरलेले बहुतेक मुकाट्याने निघून जातात. जिंकलेले टिकतात आणि आपली कथा सांगत राहतात. नवख्यांची संभाव्यता अधिक नसते. त्यांच्यातील विजेत्यांचीच वार्ता तेवढी उरते.

यंत्रानेही हे गणित बदलले नाही. 1984 च्या अमेरिकन पेटंटान्वये इंगे टेलनेस यांनी चक्रे कोठे थांबावीत हे यादृच्छिक संख्येवर सोपविले. परिणामी डोळ्यांस दिसणारी चिन्हे व प्रत्यक्ष संभाव्यता यांचा मेळ राहिला नाही. मोबाइलवरील स्लॉटच्या खेळात तर चक्र हे केवळ चित्र असते. मागील डावाची स्मृती त्यास नसते. म्हणून येथे खेळणारा कधीही जाणता होत नाही.

1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यापासून 2025 च्या ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय कायद्यापर्यंत राज्यसंस्थेने हा व्यवहार रोखण्याचा यत्न केला आहे. परंतु पहिल्या विजयाचा मोह कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. ‘नशीब’ हा शब्द अरबी ‘नसीब’ वरून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘वाटा’ असा आहे. समुद्रात तो वाटा अनुभवाने वाढविता येतो. द्यूतात मात्र तो डाव मांडणाऱ्याने आधीच ठरविलेला असतो: रुपयातील नव्वद पैसे.