सूत निवडायचे कोणी?
विणकामाच्या धाग्याची थोडी हकीकत

विणकामाचा विषय निघाला की आपण भगिनी नमुन्याविषयी बोलतो, टाक्यांविषयी बोलतो, रंगसंगतीविषयी तर फारच बोलतो. सुताविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. दुकानात जे मिळाले ते आणले, सुईला लावले आणि कामाला सुरुवात केली, असा आपला साधारण रिवाज आहे. वास्तविक नमुना चुकला तर उसवता येतो. सूतच चुकीचे निघाले, तर महिना-दोन महिन्यांची मेहनत पहिल्या धुण्यात वाया जाते.

आपले जूचंद्र रांगोळीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. येथील कलाकार रंगाची पूड आधी चिमटीत घेऊन तिचा पोत पाहतो. जमिनीवरचा भराव कोणत्या पुडीने करावयाचा, चेहऱ्यावरची छटा कोणत्या पुडीने आणावयाची, हे त्याचे ठरलेले असते. पुडीची निवड हा कलेचाच भाग आहे, हे ह्या गावात कोणाला शिकवावे लागत नाही. मग तीच नजर सुताच्या बाबतीत आपल्याजवळ का नसावी? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना विणकामाच्या इतिहासाकडे वळावे लागते. त्या इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसते. विणणारे हात बायकांचे होते. परंतु सूत निवडणारे बहुधा दुसरेच कोणी होते.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. वसईच्या पट्ट्यात चर्चच्या वेदीवरील वस्त्रांना जाळीची किनार दिसते, त्यावरून क्रोशाचे काम येथे पोर्तुगीजांनी आणले असावे, असे सहज वाटते. पण सनावळी पाहिली तर हे जुळत नाही. पोर्तुगीजांकडे वसई १५३४ साली आली आणि चिमाजी आप्पांनी ती १७३९ साली जिंकून घेतली. आज आपण ज्याला क्रोशे म्हणतो ते काम युरोपात घरोघर पसरले एकोणिसाव्या शतकात, म्हणजे त्यानंतर शंभर वर्षांनी. क्रोशे हा शब्द फ्रेंच आहे व त्याचा अर्थ लहानसा आकडा असा आहे. ह्या कामाला खरी चालना मिळाली ती आयर्लंडमध्ये. १८४५ पासून तेथे बटाट्याचे पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मठांतील जोगिणींनी गरीब बायकामुलींना हे काम शिकवले आणि त्या विक्रीवर कित्येक कुटुंबे तगली. आपल्याकडे ही विद्या आली ती इंग्रजी अमदानीत, मिशनच्या शाळांतून आणि मुलींच्या शिवणवर्गांतून.

सुई आली, पण तिच्याजोगे सूत येथे होते काय? महाराष्ट्राजवळ स्वतःचे दोन धागे फार पूर्वीपासून आहेत. एक दख्खनी मेंढीची लोकर आणि दुसरा कापूस. दख्खनी लोकर जाडीभरडी व राठ. तिची घोंगडी पावसात, थंडीत, शेतात, माळावर माणसाला सोबत करते. परंतु तान्ह्या मुलाचे टोपरे तिचे करता येत नाही. कापसाची अडचण निराळी होती. वऱ्हाड-खानदेशातला देशी कापूस आखूड धाग्याचा. त्याचे जाडे सूत उत्तम निघते, बारीक निघत नाही. कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्याचे काम हाती घेतले व १८५६ साली ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि मुंबईचे सूत जहाजे भरभरून चीनकडे जाऊ लागले. पण ते बहुतेक जाड सूत होते.

येथे सुताचा नंबर म्हणजे काय तेही सांगून ठेवते. एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतील तो त्या सुताचा नंबर. वीस नंबर म्हणजे पौंडात वीस लड्या, साठ नंबर म्हणजे साठ. नंबर चढला की सूत बारीक झाले. क्रोशाच्या दोऱ्याच्या गुंड्यावर जो नंबर असतो तो वेगळ्या हिशोबाने काढलेला असला, तरी चढत्या नंबराला बारीक दोरा ही खूण तेथेही लागू आहे. जाळीकामाला लागणाऱ्या बारीक, पिळदार दोऱ्याला लांब धाग्याचा, मिसरसारखा कापूस लागतो. आणि तो दोरा विलायतेहून येई.

त्या विलायती दोऱ्याची चकाकी हीसुद्धा एक शोधाची कथा आहे. जॉन मर्सर ह्या इंग्रज गृहस्थाने १८४४ साली असे पाहिले की, सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात बुडवले की ते आटते, मजबूत होते व रंग चांगला धरते. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो ह्याने तीच क्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा ते आटले नाही आणि त्यावर रेशमासारखी झळाळी आली. मर्सरच्या नावावरूनच अशा सुताला मर्सराइज्ड म्हणतात. स्कॉटलंडमधील पेस्ली गावच्या कोट्स आणि क्लार्क ह्या दोन दोरेवाल्या घराण्यांच्या कंपन्या १८९६ साली एकत्र आल्या. आपल्या रुखवतांतल्या रुमालांना व तोरणांना ज्या अँकर दोऱ्याने शोभा आणली, त्याचे मूळ हे असे पेस्लीपर्यंत जाते. ह्या काळात दोरा निवडला कंपनीने. नमुन्याचे पुस्तक सांगे अमुक नंबरचा दोरा, आणि आपण तोच मागत असू.

मध्यंतरी स्वदेशीची लाट आली. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि सूत कातणे हे राष्ट्रकार्य ठरले. पण टकळी-चरख्याचे एकपदरी सूत जाळीला पुरे पडत नाही. ते कोठे जाड, कोठे बारीक असते आणि सुईच्या आकड्यात अडकून उकलते. दोन किंवा तीन पदर उलट पीळ देऊन एकत्र केले तरच ते टिकते. म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे क्रोशे अशक्य नव्हते. त्यासाठी पदर आणि पीळ ह्यांची जाण असावी लागे, एवढेच. ही जाण आजही तितकीच उपयोगाची आहे. सैल पिळाच्या सुतावर लव उठते, घट्ट पिळाच्या सुतावर नमुना उठून दिसतो.

लोकरीची गोष्ट आणखी वेगळी. कोकणपट्टीत थंडी ती किती! तरी दोन सुयांवरचे विणकाम आपल्या घरांत शिरले ते दोन वाटांनी. एक वाट बाळंतविड्याची: टोपरे, पायमोजे, झबले. दुसरी वाट सैनिकांची. दोन्ही महायुद्धांत देशोदेशींच्या बायकांनी सैनिकांसाठी मोजे व गळपट्टे विणले. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हा हिमालयातील कडाक्याच्या थंडीत लढणाऱ्या जवानांसाठी आपल्या देशात ठिकठिकाणी बायका स्वेटर विणावयास बसल्या. ज्यांनी पूर्वी सुया हाती धरल्या नव्हत्या अशाही शिकल्या. तेथे लोकरच हवी होती, आणि त्याला कारण आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरीही अंगाला ओली लागत नाही. बर्फात उभ्या असलेल्या माणसाला हा गुण जीवदान देतो. त्या वेळची निवड गरजेने केली होती व ती बिनचूक होती.

मात्र पुढे काय झाले? लोकर हा शब्द राहिला आणि लोकर गेली. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने १९५० साली ऑर्लॉन नावाचा कृत्रिम धागा बाजारात आणला. त्याच जातीचा जपानी धागा कॅशमिलॉन आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. हा अ‍ॅक्रिलिक धागा स्वस्त, रंगाने भडक, कसरीला न रुचणारा. दुकानदार त्याला लोकरच म्हणतो, आपणही लोकरच म्हणतो. वास्तविक तो खनिज तेलापासून होतो. तो ओल जवळजवळ शोषतच नाही. त्यामुळे आपल्या दमट हवेत त्याचे झबले घातलेले मूल घामाघूम होते आणि कुरकुरते. शिवाय ठिणगी पडली तर हा धागा वितळून कातडीला चिकटतो. देवघरातील समई, गॅसची शेगडी ह्यांच्याजवळ वावरणाऱ्या घरात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता ह्या सर्व हकीकतीचे मर्म ज्यात आहे असे एक उदाहरण सांगते. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांनी बायकांना जाळीचे काम शिकवले. काम वाढले, माल परदेशी जाऊ लागला, हजारो बायका त्यात गुंतल्या. व्यवस्था अशी की, व्यापारी आपल्या दलालामार्फत घरोघर सूत पोचवी, बायका विणून देत आणि नगावर मजुरी मिळे. मारिया मीस ह्या जर्मन विदुषींनी तेथे जाऊन अभ्यास केला व १९८२ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की, घरकाम सांभाळून ह्या बायका रोज सहा ते आठ तास विणत होत्या. तरी त्यांच्या कामाला फावल्या वेळचा उद्योग समजत आणि त्यांची गणना गृहिणींत होई. नफा व्यापाऱ्याचा, आणि हाती यावयाची ती अगदी थोडकी मजुरी. नरसापूरच्या ह्या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु धडा घ्यावयाचा तो निराळा. सूत ज्याच्या हाती, भावही त्याच्याच हाती.

आपण कोणा व्यापाऱ्यासाठी विणत नाही, हे खरे. पण फावल्या वेळचे काम हा शिक्का आपणही स्वतःवर मारून घेतो. समजा, एका ताटझाकणीला पंधरा तास लागले. सुतात वीस रुपये वाचवण्यासाठी कच्च्या रंगाचा दोरा घेतला आणि पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला, तर तोटा वीस रुपयांचा नसून पंधरा तासांचा झाला. ते पंधरा तास कोणाच्याच वहीत लिहिलेले नसतात म्हणून तो तोटा दिसत नाही, इतकेच. प्रदर्शनात वस्तूची किंमत ठरवताना आपण सुताची पावती दाखवतो, तासांचा हिशोब दाखवत नाही. विणकामात सर्वांत महाग वस्तू आपला वेळ आहे. सूत त्याच्या मानाने स्वस्त आहे. म्हणून काटकसर करावयाची ती सुताच्या जातीत करू नये.

ह्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानी ठेवाव्या. तोरण, रुमाल, ताटझाकणी, दुधाच्या भांड्यावरची मण्यांची जाळी ह्यांना मर्सराइज्ड सुती दोरा. तो वारंवार धुतला तरी आकार धरतो. आपल्याकडच्या बाळंतविड्याला मऊ पिळाचे, चार पदरी सुती सूत. घाटावर अगर उत्तरेकडे पाठवावयाचे असेल तर खरी लोकर घ्यावी, आणि ती उन्हाळ्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. अ‍ॅक्रिलिक अगदीच टाकाऊ नाही. पिशवी, खेळणी, खुर्चीवरची गादी ह्यांना ते चालते. मुलाच्या अंगाला आणि दिव्याजवळ नको.

ओळख पटवण्यास एक सोपी परीक्षा आहे. वीतभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर, मोठ्या माणसाने, पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ करडी राख होते. लोकर केस जळल्यासारखा वास देते, लवकर विझते व तिची राख बोटांनी चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळते आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. त्याचप्रमाणे लागेल तितके सूत एकाच वेळी, एकाच लॉट नंबरचे घ्यावे. रंगाच्या दोन खेपा कधी तंतोतंत जुळत नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी चार बोटे लांबी-रुंदीचा तुकडा विणून, मोजून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजावा. त्यात अर्धा दिवस जातो आणि एखादे वेळी अख्खा महिना वाचतो.

हे सारे एकटीने करणे जड जाते, आणि मंडळाचा उपयोग येथेच आहे. दहाजणींनी मिळून सूत घेतले तर दुकानदारासमोर आपण मागू ते दाखवणे त्याला भाग पडते. वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळापुढे एक सूचना ठेवते. मंडळात एक जाड पुठ्ठ्याची वही ठेवावी. प्रत्येक भगिनीने वापरलेल्या सुताचा चार बोटांचा तुकडा तीत टाचावा. शेजारी सुताचा प्रकार, नंबर, पदर, लॉट, भाव आणि किती धुण्यांनंतर त्याचे काय झाले, हे लिहावे. आणि शेवटच्या रकान्यात त्या वस्तूला लागलेले तास न विसरता मांडावे. पुढच्या प्रदर्शनात किमती ठरवावयास बसू, तेव्हा ती वही मेजावर असावी.